‘ऑफर’ या शब्दाचा दोष नाही

पणजी-म्हापशातल्या होमस्टेवाल्यांत एक समज वर्षानुवर्षं फिरतो: पावसाळी सवलतीच्या मेलमध्ये ‘फुकट’, ‘ऑफर’ लिहिलं की तो स्पॅममध्ये जातो. एवढ्याशा शब्दांनी सहसा तसं होत नाही. खरी गोम पाठवणाऱ्याच्या डोमेनमध्ये, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावात असते. मेल पाठवते बल्क सेवा (एकगठ्ठा मेल पाठवून देणारी कंपनी), ‘फ्रॉम’मध्ये मात्र तुमचा पत्ता. दोघांचं डोमेन जुळत नसेल तर जीमेल नावापुढे ‘व्हाया’ लावून परकं डोमेन दाखवू शकतं, नाहीतर मेल स्पॅममध्ये टाकतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरंच त्या डोमेनचा आहे का, हे तपासायच्या पद्धती) तिन्ही सक्तीचे आहेत. शिवाय ‘फ्रॉम’चं डोमेन एसपीएफ किंवा डीकिमच्या डोमेनशी जुळायला हवं. लहान व्यावसायिकांनीही हे करावंच. आधी स्वतःचं डोमेन घ्या, मग सेवेने दिलेल्या डीकिमच्या नोंदी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत भरा.