नाकातली नळी, खाटेजवळची सोनोग्राफी आणि एक जुना कायदा

मुंबईतल्या बालअतिदक्षता विभागांत दूध देण्यासाठी नाकातून जठरापर्यंत घातलेल्या नळीला आजही राइल्स ट्यूबच म्हणतात. हे नाव सुमारे शंभर वर्षांपूर्वीचे आहे. ती जागेवर पोहोचली की नाही, हे ठरवण्याची रीतही बराच काळ एकच होती: सिरिंजने थोडी हवा सोडायची आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकायचा. लहान मुलाच्या छातीतला आवाज पोटावरही ऐकू येतो, त्यामुळे नळी फुफ्फुसात असतानाही ‘बरोबर आहे’ असा निर्वाळा मिळू शकतो. आणि गुंगीच्या औषधांवर, व्हेंटिलेटरवर असलेल्या मुलाला ठसकाही लागेलच असे नाही.

ब्रिटनमधील राष्ट्रीय पातळीवरील सुरक्षा सूचनेने २००५ साली या हवेच्या चाचणीवर विसंबू नये असे सांगितले आणि २०११ मध्ये त्याचा पुनरुच्चार झाला. आधी नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचे माप; आम्ल जितके जास्त, तितका हा आकडा कमी) तपासावा, तो १ ते ५.५ या मर्यादेत असावा. द्रव आलाच नाही किंवा पीएच जास्त निघाला तर एक्स-रे काढावा, असा तो क्रम. अतिदक्षता विभागात मात्र आम्ल कमी करणारी औषधे आणि सतत चालू असलेले दूध यांमुळे पीएच वाढलेला असतो. मग उरतो एक्स-रे. दाखल होताना श्वासनलिकेतल्या नळीसाठी तो काढायचाच असतो आणि राइल्स ट्यूबही त्यातच दिसते. अडचण येते ती चौथ्या रात्री, मुलाने नळी ओढून काढल्यावर ती पुन्हा घालून पुन्हा तपासायची वेळ येते तेव्हा.

सोनोग्राफी पुढे आली ती या जागी. गळ्यावर प्रोब (यंत्राचा हातात धरायचा भाग) ठेवला की श्वासनलिकेच्या बाजूला, बहुधा डावीकडे, अन्ननलिका दिसते आणि नळी तिच्यात असेल तर तिथे चकाकती रेघ व तिच्यामागे सावली उमटते. पोटाच्या वरच्या भागातून पाहिल्यास जठरातली नळी दोन समांतर रेघांसारखी दिसते. वायूमुळे ती झाकली गेली, तर थोडे सलाईन हवेसह घुसळून सोडतात आणि जठरात पांढरे धुके पसरते का ते पाहतात. गळ्यातले दृश्य नळी श्वासमार्गात गेली नसल्याचे सांगते, टोक जठरात पोहोचल्याचे नव्हे. आणि पोटातून नळी दिसली नाही म्हणजे ती चुकली असेही नव्हे. २०१७ मधील एका पद्धतशीर आढाव्याने केवळ सोनोग्राफीवर विसंबण्याइतकी अचूकता सिद्ध होत नसल्याचे म्हटले. एक्स-रे सहज मिळत नसेल तिथे तिचा उपयोग असल्याचेही नोंदवले. हे दुसरे वाक्य फारसे कोणी उद्धृत करत नाही.

आपल्याकडे मात्र ‘सोनोग्राफी’ या शब्दामागे वेगळाच इतिहास आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्यस्तरीय कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, तेही १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १९९६ पासून लागू झाला. २००० साली राज्यातील सामाजिक संस्थांनी इतरांसह सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेनंतर २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. मुलींची घटती संख्या पाहता या कडकपणाची गरज कोणी नाकारणार नाही. पण यंत्र गर्भवतीसाठी वापरले जाते की दोन वर्षांच्या मुलाच्या गळ्यावर, यामुळे या कायद्याखालील यंत्राच्या नोंदणीचे बंधन सुटत नाही; गर्भ पाहू शकणारे यंत्र म्हटले की नोंदणी आली. २०१२ च्या नियमदुरुस्तीने सुवाह्य, म्हणजे सहज हलवता येणारे, यंत्र नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात, तिथल्या दाखल रुग्णांसाठी वापरण्यास वाट ठेवली, म्हणजे यंत्र खाटेपर्यंत नेता येऊ लागले. ते हाताळायचे कोणी, हा प्रश्न त्यानंतर अधिकच टोकदार झाला. २०१४ च्या नियमांनी, स्त्रीरोग किंवा क्ष-किरण शाखेतील पदवी नसलेल्या डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचे प्रशिक्षण ठरवले, तेही गर्भवतींच्या तपासणीचा विचार करून. बालअतिदक्षता तज्ज्ञाला नळी पाहण्यापुरता हा अभ्यासक्रम कशासाठी, असे या क्षेत्रातले डॉक्टर विचारतात, आणि सवलतीच्या फटीतून गैरवापर शिरेल, असे दुसरी बाजू म्हणते. दरम्यान, रात्रपाळीला राइल्स ट्यूब पुन्हा घालणारी व्यक्ती बहुतेकदा परिचारिका असते, आणि नियमांतील पात्र व्यक्तींच्या यादीत परिचारिका नाही.