'गिव्ह अप': लिहिताना दोन शब्द, मेंदूत एक

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत इंग्रजी संभाषणाची गाइडं चाळून बघा. फ्रेझल व्हर्ब्जच्या, म्हणजे क्रियापदाला 'अप', 'डाउन' असा छोटा शब्द जोडून बनलेल्या जोड्यांच्या प्रकरणात डावीकडे क्रियापद, उजवीकडे मराठी अर्थ आणि वर एक सल्ला हमखास सापडतो: 'अप' म्हणजे वर, 'डाउन' म्हणजे खाली, 'आउट' म्हणजे बाहेर, एवढं लक्षात ठेवा, बाकीचं तर्काने सुटेल. क्लासमध्येही हेच सांगतात. सल्ला चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे, हे मेंदूविज्ञानाने फार सुरेख दाखवलं आहे.

'गिव्ह अप' घ्या. 'गिव्ह' म्हणजे देणं, 'अप' म्हणजे वर. बेरीज केली तर 'वर देणं' येतं आणि ते कुठेच लागू पडत नाही. काकांनी सिगारेट सोडली, तिथे 'गिव्ह अप'. पीएमपीच्या बसमध्ये उभ्या असलेल्या आजींना जागा दिली, तिथेही तेच. चोर पोलिसांच्या स्वाधीन झाला, हरवलेल्या मांजराची आशा सोडली, वारंवार नापास झाल्यावर सीएचा नाद सोडला, सगळीकडे 'गिव्ह अप'. समानार्थी म्हणून 'क्विट', 'सरेंडर', 'अबँडन', 'रिलिंक्विश' हे शब्द दिले जातात, पण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. सिगारेट 'क्विट' करतात. पॉलिसी मात्र आपण मराठीतसुद्धा सरेंडरच करतो. 'रिलिंक्विश' हक्कसोडपत्रात शोभतो, स्वयंपाकघरात नाही. हे चारही शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आले. 'गिव्ह' आणि 'अप' जर्मानिक घराण्यातले, म्हणून रोजच्या तोंडी तेच.

आता प्रश्न असा, की इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाचा मेंदू अशी जोडी दरवेळी नियमाने नव्याने जुळवतो, की ती एका शब्दासारखी अख्खी साठवलेली असते? त्यालाच विचारून उपयोग नाही, त्यालाही ते ठाऊक नसतं.

फिनलंडचे मानसशास्त्रज्ञ रिस्तो नॅटॅनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मेंदूच्या एका प्रतिसादाचं वर्णन केलं. एकच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवायचा आणि मध्येच एखादा वेगळा. वेगळा आवाज कानी पडला की साधारण एक-दोन दशांश सेकंदांत मेंदूच्या विद्युत आलेखात एक लहर उमटते. तिला मिसमॅच निगेटिव्हिटी म्हणतात. माणूस समोरचा मूकपट बघण्यात गुंग असला तरी ती उमटते. लक्ष देऊन उत्तर 'सुधारण्याची' सोयच त्याला राहत नाही.

भाषेवर हा प्रयोग केला तेव्हा दोन उलट गोष्टी दिसल्या. ओळखीचा शब्द ऐकवला तर लहर मोठी येते, निरर्थक अक्षरजुळणीला लहान. याचं स्पष्टीकरण असं, की ओळखीच्या शब्दासाठी चेतापेशींचं जाळं स्मृतीत आधीच विणलेलं असतं आणि ते एकदम कार्यान्वित होतं. व्याकरणाच्या बाबतीत नेमकं याच्या उलट. 'वी कम' या बरोबर जोडीला लहर लहान, 'वी कम्स' या चुकीच्या जोडीला मोठी. बरोबर जोडीत पहिला शब्दच दुसऱ्याची तयारी करून ठेवतो, त्यामुळे धक्का कमी बसतो. म्हणजे नुसत्या लहरीच्या उंचीवरून कळतं, की मेंदू समोरच्या जोडीला 'शब्द' समजतोय की 'वाक्यरचना'. एवढी स्वच्छ कसोटी भाषाशास्त्रात क्वचितच हाती लागते.

२०१० मध्ये बर्ट कॅपेल, युरी श्टिरॉव्ह आणि फ्रीडेमान पुल्फरम्युलर या संशोधकांनी हीच कसोटी फ्रेझल व्हर्ब्जना लावली. एका बाजूला 'हीट अप', 'कूल डाउन' या रूढ जोड्या, दुसऱ्या बाजूला 'हीट डाउन', 'कूल अप' या न चालणाऱ्या. मोजमाप चुंबकीय होतं: मेंदूचं चुंबकक्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून कित्येक कोटी पटींनी क्षीण, म्हणून ते टिपणारे संवेदक तेव्हा उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियमने थंड ठेवावे लागत. जोड्या नियमाने जुळत असत्या तर चुकीच्या जोडीला मोठा प्रतिसाद यायला हवा होता. आला तो रूढ जोडीला, साधारण १९० मिलिसेकंदांपाशी. म्हणजे शब्दाची खूण. 'राइझ अप'मध्ये 'अप' खरोखरच 'वर' आहे, तरी तिथेही हेच दिसलं. जिथे तर्क चालला असता तिथेही मेंदू तर्क करत बसत नाही, साठवलेलं उचलतो.

    

साठवलेला हा 'शब्द' मधून उघडतोही. २०१५ मध्ये गॅस सबसिडी सोडण्याची केंद्र सरकारची मोहीम आली, तिचं नाव 'गिव्ह इट अप'. सर्वनाम असेल तर ते मध्येच यावं लागतं; 'गिव्ह अप इट' कुणी म्हणत नाही. म्हणून पाठ करायचं तर मधल्या 'इट'सकट, वाक्यासकट करावं.

आपल्याला हे नवं वाटायला नको. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात 'उप त्वाग्ने' म्हणून सुरू झालेल्या ऋचेतल्या 'उप'चं क्रियापद थेट शेवटी 'एमसि'मध्ये येतं. वेदात उपसर्ग आणि धातू यांच्यामध्ये इतर शब्द येऊ शकतात, हे पाणिनीने 'व्यवहिताश्च' या सूत्रात नोंदवलं आहे. नंतरच्या संस्कृतात उपसर्ग धातूला चिकटून बसला. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार या सगळ्यांचा धातू एकच, 'हृ'. पण त्यात नुसता 'आ' मिळवून जेवणापर्यंत कुणी पोचत नाही.