मूलभूत आज्ञापालन वर्ग: येण्याआधी एवढं वाचा

पहिल्या तासाला कुत्रा आणू नका. नाव नोंदवताना हे सांगितलं की बरेच जण चक्रावतात, पण कारण साधं आहे. कुत्रा सोबत असला की तुमचं लक्ष त्याच्याकडे आणि दोरीकडे लागतं, आमचं बोलणं कानावरून जातं. त्या दिवशी शिकायचं असतं ते माणसांनी: दोरी कशी धरायची, खाऊ कुठे ठेवायचा, शाबासकी नेमकी कधी द्यायची. दुसऱ्या तासापासून कुत्रे येतात, तोवर तुमचे हात थोडे सरावलेले असतात.

वर्ग ८ आठवड्यांचा आहे. आठवड्यातून एकदा, साधारण ५० मिनिटं, आणि एका तुकडीत जास्तीत जास्त ६ कुत्रे. जमलं तर घरातली दोन माणसं या. जो रोज फिरायला नेतो तो एक, आणि कुत्रा ज्याचं अजिबात ऐकत नाही तो दुसरा. या दुसऱ्या माणसाला वर्गाचा जास्त उपयोग होतो असा आमचा अनुभव आहे.

शाबासकीची वेळ

सगळ्या वर्गात आम्ही सर्वाधिक वेळ या एका गोष्टीवर देतो. तुम्ही ‘बस’ म्हणता, कुत्रा बसतो. तुम्ही खिशात हात घालता, पिशवी उघडता, खाऊ शोधता. तेवढ्यात तो उठून तुमच्या हाताला नाक लावतो आणि खाऊ त्याला तेव्हा मिळतो. बसण्याचं बक्षीस दिलं असं तुम्हाला वाटतं. त्याच्या लेखी ते उठून नाक लावण्याचं बक्षीस असतं. खाऊ आणि कृती यांच्यात दोन-तीन सेकंद गेले तरी मधे दुसरी कृती घुसते, आणि तीच पक्की होते.

यावर उपाय म्हणजे एक ठरलेला आवाज. ‘हां!’ किंवा ‘येस’ असा छोटा शब्द किंवा क्लिकर (दाबल्यावर ‘टक’ आवाज करणारी छोटी डबी) चालेल. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना ठरावीक आवाजानंतर अन्न मिळायचं, आणि पुढे नुसत्या त्या आवाजानेच त्यांना लाळ सुटायची. आपण तेच वापरतो. आधी काहीही न करायला लावता ‘हां’ म्हणायचं आणि लगेच खाऊ द्यायचा, असं पंधरा-वीस वेळा. मग त्या आवाजाचा अर्थ ‘खाऊ येतोय’ असा ठरतो, आणि बूड जमिनीला टेकलं त्याच क्षणी ‘हां’ म्हणता येतं. खाऊ दोन सेकंदांनी पोचला तरी चालतो. अमेरिकेत केलर आणि मॅरियन ब्रेलंड या जोडप्याने १९४०च्या दशकात प्राण्यांना शिकवताना ही पद्धत वापरायला सुरुवात केली.

पहिल्या तासाला याचा सराव चेंडूने करतो. एकाने चेंडू खाली सोडायचा, दुसऱ्याने तो जमिनीला लागताक्षणी ‘हां’ म्हणायचं. ऐकायला सोपं वाटतं. सुरुवातीला जवळजवळ सगळ्यांनाच उशीर होतो.

शब्द ठरवताना

मराठी घरांत एक अडचण हमखास येते. ‘बस’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. कुत्र्याला खाली बसवायला ‘बस’, आणि तो पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारायला लागला की ‘अरे बस, बस!’. दुसऱ्या वेळी तो बसत नाही, तुम्हीही बसवत नाही, आणि शब्दाची धार जाते. शिवाय आई म्हणते ‘बस बाळा’, बाबा म्हणतात ‘बसतोस की नाही’, मुलं म्हणतात ‘सिट’. आपल्याला अर्थ एकच दिसतो, कुत्र्याला तीन वेगळे आवाज ऐकू येतात. त्याला व्याकरण कळत नाही, ठरलेला आवाज कळतो.

म्हणून पहिल्या तासाआधी घरात बसून शब्द ठरवा, कागदावर लिहा, दाराजवळ लावा. भाषा कोणतीही चालेल. बसण्यासाठी, आडवं होण्यासाठी, जागेवर थांबण्यासाठी, बोलावण्यासाठी आणि तोंडातलं सोडण्यासाठी असे पाच शब्द पुरेत. नाव मात्र आज्ञा म्हणून वापरू नका. नाव म्हणजे ‘माझ्याकडे बघ’, एवढंच. दिवसभर रागावताना नावच घेत राहिलात तर नाव ऐकल्यावर तो तोंड फिरवू लागेल.

आणि शब्द एकदाच म्हणा. ‘बस, बस, बस, अरे बस ना’ असं म्हणत राहिलं की आज्ञा चौथ्या ‘बस’ला लागू होते असं तो शिकतो.

‘ये’

पाच शब्दांपैकी एकच शिकवायला मिळाला तर आम्ही हा शिकवू. दोरी हातातून निसटली आणि समोर रस्ता असला तर हाच शब्द जीव वाचवतो. तरी बहुतेक घरांत हाच सर्वांत आधी बिघडतो, आणि तो माणसं बिघडवतात. खेळ रंगात आलेला असताना ‘ये’ म्हणून बोलावतात आणि दोरी लावून घरी नेतात. ‘ये’ म्हणून नखं कापतात. तो उशिरा आला म्हणून आल्यावर ओरडतात. कुत्रा त्यातून अगदी बरोबर धडा घेतो: गेलं की वाईट घडतं.

आमचा नियम असा आहे. ‘ये’ म्हटल्यावर तो आला, कितीही उशिरा आला, तरी स्वागत झालंच पाहिजे. अंघोळ किंवा औषध असेल तर तुम्ही उठून त्याच्याकडे जा. मैदानावर दहा वेळा बोलावलंत तर नऊ वेळा खाऊ देऊन परत खेळायला सोडा. आणि तो येणार नाही अशी खात्री असेल, समोर मांजर पळतंय, तर तो शब्द वाया घालवू नका. तिथवर चालत जा. वर्गात हा सराव १० मीटरच्या लांब दोरीवर होतो. ही दोरी हार्नेसलाच (छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यालाच) लावायची, गळपट्ट्याला नाही, कारण धावत्या कुत्र्याला तिचा हिसका मानेवर बसतो.

थांबणं आणि दोरीवर चालणं

‘थांब’ शिकवताना तीन गोष्टी वाढवायच्या असतात: वेळ, अंतर आणि आजूबाजूचा गोंधळ. एका वेळी एकच वाढवा. दोन पावलं लांब गेलात तर वेळ कमी करा. दुसरा कुत्रा दिसत असेल तर पुन्हा अगदी जवळ उभे राहा. तो उठला तर त्याची चूक धरू नका, तुम्ही पायरी मोठी घेतलीत.

दोरी ओढणाऱ्या कुत्र्याची तक्रार घेऊन बरेच जण येतात. तो ओढतो कारण ओढल्यावर हवं तिथे पोचता येतं. दोरी ताणली की तुम्ही थांबा, सैल झाली की चाला. पहिले काही दिवस शंभर मीटरला पंधरा मिनिटं लागतील, घाईच्या वेळी हा सराव करू नका.

आम्ही काय वापरत नाही

आवळणारी साखळी, काट्यांचा पट्टा आणि शॉक देणारा पट्टा वर्गात चालत नाही. ‘आपण कळपाचे प्रमुख आहोत हे त्याला दाखवा’ हा सल्ला अनेकांनी ऐकलेला असतो. त्याचं मूळ पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांत आहे, त्यातलं रुडॉल्फ शेंकेल यांचं काम १९४७ सालचं. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी रानातले लांडगे पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की तिथला कळप बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं असं कुटुंब असतं. सत्तेसाठी सतत मारामारी तिथे दिसत नाही. कुत्र्याला पाठीवर पाडून दाबून धरलं तर तो घाबरतो, आणि घाबरलेला कुत्रा चावू शकतो.

‘त्याला कळतं हो, चप्पल फाडली की बघा कसा अपराधी चेहरा करतो’ हेही वारंवार ऐकतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसलं की तो चेहरा मालक रागावल्यावर येतो, कुत्र्याने गुन्हा केलेला असो वा नसो. खाली गेलेले कान, चोरटी नजर, पायात घातलेली शेपटी ही भीतीची खूण आहे. घरी परतल्यावर दोन तासांपूर्वीच्या चपलेबद्दल रागावण्यात काही हशील नाही. चप्पल कपाटात ठेवा.

वर्गातही त्याच्याकडे बघत राहा. झोप नसताना जांभई, खाऊ नसताना ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, एकदम थिजणं: ताण आल्याची ही चिन्हं आहेत. दिसली की न विचारता बाजूला जा. त्या तासाला त्याने नुसतं कोपऱ्यात बसून पाहिलं तरी काही बिघडत नाही.

कोणी कधी यावं

पिल्लांच्या बाबतीत उशीर करू नका. साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या काळात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं. नवी माणसं, आवाज, जमिनीचे प्रकार, इतर कुत्रे तेव्हा सहज पचतात. लसीचा पहिला डोस होऊन किमान ७ दिवस झाले असतील, जंतांचं औषध दिलेलं असेल आणि तुमच्या पशुवैद्यांची हरकत नसेल तर ८ आठवड्यांचं पिल्लूही पिल्लांच्या तुकडीत येऊ शकतं. सहा महिन्यांनंतर शिकलेलं विसरल्यासारखा वागणारा कुत्रा वयात येतोय, तो निर्ढावलेला नाही. खाऊ वाढवा, अंतर कमी करा, सराव चालू ठेवा. मोठे आणि म्हातारे कुत्रेही शिकतात, फक्त तास छोटा ठेवावा लागतो.

माणसाला किंवा कुत्र्याला चावलेला कुत्रा थेट तुकडीत घेत नाही, आधी एकट्याला भेटतो. वागणं अचानक बदललं असेल, नेहमी बसणारा कुत्रा बसायला टाळत असेल, तर आधी पशुवैद्यांना दाखवा. कंबर दुखणारा कुत्रा हट्टी दिसतो. माजावर आलेली कुत्री, खोकणारा किंवा जुलाब होणारा कुत्रा यांनी तो तास सोडावा, पुढच्या तुकडीत भरून देऊ. माणसं मात्र एकटी येऊन बसू शकतात.

घरचा सराव आणि सोबत काय आणायचं

रोज तीन वेळा, ३ ते ५ मिनिटं. एका दमात अर्धा तास नको. बैठकीच्या खोलीत ‘बस’ कळलं म्हणजे जिन्यात कळलं असं नसतं, प्रत्येक नव्या जागी पहिल्यापासून सुरू करा. तिथे तो पटकन शिकेल, पण सुरुवात करावीच लागते.

येताना साधा गळपट्टा किंवा छातीवर वाय आकाराचा हार्नेस, दीड ते दोन मीटरची साधी दोरी (आपोआप गुंडाळणारी नको), पाणी, बसायला सतरंजीचा तुकडा आणि लसीकरणाचं कार्ड आणा. खाऊ मऊ, वासाचा आणि वाटाण्याएवढा, म्हणजे चावत बसण्यात वेळ जात नाही. उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे उत्तम. तेवढा खाऊ त्या दिवशीच्या जेवणातून वजा करा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही कुत्र्यांना विषारी आहेत, खिशातसुद्धा नकोत. तासाआधी पोटभर जेवण देऊ नका, आणि दहा मिनिटं आधी येऊन बाहेर त्याला फिरवून, वास घेऊ देऊन मगच आत आणा.