ऑप्शन ऑफेन्सला अडवायचं कसं: मोकळ्या सोडलेल्या माणसाची गोष्ट

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये ऑप्शनची (बॉल कोणी न्यायचा ते खेळी सुरू झाल्यावर ठरवायचं, अशा खेळीची) खरी गंमत अशी की डिफेन्सचा, म्हणजे अडवणाऱ्या टीमचा, एक माणूस मुद्दाम ब्लॉकच करायचा नाही, अंगाने अडवायचा नाही. त्याला मोकळा सोडायचा, आणि तो जे करेल त्याच्या उलट क्वार्टरबॅकने (ऑफेन्सची, म्हणजे बॉल असलेल्या टीमची खेळी चालवणाऱ्याने) करायचं. तो रनिंग बॅकवर (बॉल घेऊन पळणाऱ्यावर) गेला तर बॉल स्वतःकडे ठेवायचा, तो क्वार्टरबॅकवर आला तर बॉल बॅकला. म्हणजे त्या बिचाऱ्याचे पाय कायम दोन दगडांवर, आणि डिफेन्सचा सगळा इतिहास म्हणजे त्याला त्यातून सोडवायची धडपड.

जुना अवतार म्हणजे विशबोन, क्वार्टरबॅकच्या मागे तीन बॅक उभे करायची रचना. 1968 ला टेक्सास विद्यापीठात एमरी बेलार्डने बसवला, हेड कोच डॅरेल रॉयल, आणि मग टेक्सास सलग 30 मॅच जिंकली. ती साखळी नोत्र दाम विद्यापीठाने 1 जानेवारी 1971 ला कॉटन बोल या मोठ्या मॅचमध्ये 24-11 अशी तोडली. तेव्हाचं उत्तर साधं होतं, कामं वाटून द्यायची: मधून घुसणारा तुझा, क्वार्टरबॅक माझा, बाहेरचा पिच (बाजूला फेकलेला बॉल घेणारा) त्याचा, आणि बॉल कुठेही दिसो, आपला माणूस सोडायचा नाही. ऐकायला सोपं आहे, पण एकाने जरी बॉलच्या मागे मान वळवली की संपलं. पुढे मायामीत कोच जिमी जॉन्सनने वेगळा विचार केला, जड माणसांऐवजी चपळ माणसं घेतली, चूक झाली तरी धावून भरून काढतील अशी, आणि 1985 ते 87 तिन्ही सीझनला ओक्लाहोमाच्या विशबोनला हरवलं.

मग आला झोन रीड, म्हणजे मोकळ्या सोडलेल्या माणसाची हालचाल ‘वाचून’ (बघून) बॉल द्यायचा की ठेवायचा ते क्वार्टरबॅकने ठरवायचं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रिच रॉड्रिगेझ ग्लेनव्हिल स्टेट नावाच्या छोट्या कॉलेजात कोच होता. तिथे एकदा हँडऑफ (बॅकच्या हातात बॉल देणं) फसला, क्वार्टरबॅकने बघितलं की एन्ड (डिफेन्सच्या पुढच्या रांगेतला टोकाचा माणूस) तर बॅकच्या मागे लागलाय, मग हा बॉल घेऊन एन्डने सोडलेल्या जागेतून पळाला. अपघातच! पण हिशोब बघा, आधी क्वार्टरबॅक बॉल देऊन नुसता बघत उभा राहायचा, म्हणजे डिफेन्सचे 11 आणि यांचे 10. आता तो नुसत्या नजरेने एकाला अडवायला लागला, बरोबरी झाली.

यावरचं डिफेन्सचं उत्तर मला सगळ्यात आवडतं, कारण ती सरळसरळ लबाडी आहे. त्याला स्क्रेप एक्स्चेंज म्हणतात. एन्ड मुद्दाम आत बॅकवर झेपावतो, क्वार्टरबॅकला वाटतं मिळाला रस्ता, बॉल ठेवतो आणि बाहेर येतो तर मागून फिरून आलेला लाइनबॅकर (पुढच्या रांगेच्या मागे उभा राहणारा) समोर उभा. वाचणाऱ्यालाच खोटं वाचायला दिलं! मग ऑफेन्सवाले त्या फिरून येणाऱ्या लाइनबॅकरसाठी वेगळा ब्लॉकर पाठवायला लागले, कधी एन्ड सोडून आतल्या टॅकललाच (रांगेच्या मधल्या माणसाला) वाचायला लागले, हे चालूच.

खरी डोकेदुखी आरपीओची (रन-पास ऑप्शन), म्हणजे तोच रन पण सोबत एक छोटा पास जोडलेला. आता वाचायचा तो लाइनबॅकर किंवा सेफ्टी (डिफेन्सचा सगळ्यात मागचा माणूस): तो रनसाठी पुढे आला की बॉल त्याच्या पाठीमागे रिसीव्हरला (पास पकडणाऱ्याला). त्यात कॉलेजच्या नियमात पासच्या वेळी ऑफेन्सच्या पुढच्या रांगेतल्या लाइनमनला 3 यार्ड पुढे जायची मुभा (एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये 1 च), त्यामुळे समोरची लाइन बघून रन की पास ते कळतच नाही. डिफेन्सवर हा अन्यायच आहे असं माझं मत.

यावर 2017 ला आयोवा स्टेटचा डिफेन्स कोच जॉन हीकॉक याने तीन सेफ्टी मागे उभे केले. पुढे फक्त तिघे लाइनमन, आणि मधला सेफ्टी लांबून पळत येऊन लाइनबॅकरचं रनचं काम उचलतो. तो इतका मागे असतो की क्वार्टरबॅकला त्याला वेळेत वाचताच येत नाही, आणि लाइनबॅकरला घाईने पुढे यावं लागत नाही. त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांनी तिसऱ्या नंबरच्या ओक्लाहोमाला त्यांच्याच मैदानावर 38-31 हरवलं. म्हणजे 31 पॉइंट खाल्लेच, पण बेकर मेफिल्डसारखा क्वार्टरबॅक समोर असताना तेवढं चालतं.