रंग वाळला, पण पक्का झाला का?

गाडी रंगवून आली की तिला वॅक्स लावून, कव्हर घालून जपावंसं वाटतं. कोवळ्या रंगाला नेमकी हीच माया नडते.

हाताला कोरडा लागणारा रंग आतून अजून कच्चा असतो. वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, बहुधा ॲक्रिलिक रेझिनमध्ये, म्हणजे थराचा मूळ चिकट पदार्थ असतो त्यात, हार्डनर हे घट्ट करणारं रसायन मिसळून फवारलेला असतो. हार्डनरमधलं आयसोसायनेट रेझिनच्या रेणूंना एकमेकांशी बांधत जातं आणि सुट्या साखळ्यांचं घट्ट जाळं विणलं जातं. हेच पॉलियुरेथेन. त्याचं रसायन ओटो बायर यांनी १९३७ साली जर्मनीत शोधलं.

कारखान्यात गाडीचा नुसता सांगाडा असतो, म्हणून रंग साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजता येतो. गॅरेजमध्ये वायरिंग, रबर, प्लास्टिक सगळं जागेवर असतं. तिथे पेंट बूथमध्ये ६० अंशांच्या आसपास अर्धा तास, एवढंच परवडतं. उरलेली विणकाम-प्रक्रिया मग नेहमीच्या हवेत, थंडीत तर फारच सावकाश, कित्येक दिवस चालू राहते. त्याच काळात थिनरचा, म्हणजे रंग पातळ करणाऱ्या द्रवाचा, उरलासुरला अंशही थरातून बाहेर पडत असतो.

वॅक्स किंवा सीलंटचा (रंगावर लावायच्या संरक्षक द्रावाचा) लेप ही वाट अडवतो. म्हणून रंगाच्या उत्पादकाने सांगितलेली मुदत पाळावी; ती सहसा ३० ते ९० दिवसांची असते. कव्हरखाली ओल कोंडते, वाऱ्याने फडफडून ते रंगावर घासतं, ते वेगळंच. त्यापेक्षा हवेशीर सावली कितीतरी बरी.

पक्ष्यांच्या विष्ठेकडे मात्र क्षणभरही दुर्लक्ष करू नका. उन्हात क्लिअर कोट मऊ होऊन प्रसरण पावतो, विष्ठा सुकून टणक होते, आणि गाडी थंड होताना आकसणारा थर त्या खडबडीत कवचाचा आकार घेतो. तो डाग नसतो, पृष्ठभागच वाकडा झालेला असतो. पुसून जाईल कसा? ओलं फडकं काही मिनिटं वर ठेवावं, कवच भिजलं की अलगद उचलावं. कोरडं घासलं तर त्यातली कचकच ओरखडे उठवते.

पहिला आठवडा धुणं टाळलेलं चांगलं. नंतर सावलीत, भरपूर साध्या पाण्याने आणि सौम्य कार शॅम्पूने हातानेच धुवावी. ब्रशचं स्वयंचलित वॉशिंग महिनाभर तरी नको. पाणी अंगावर सुकू देऊ नये, क्षारांचे ठिपके राहतात. पेट्रोलचा ओघळ आला तर लगेच पाणी ओता, कारण कच्च्या थरात ते सहज शिरतं आणि त्याला पुन्हा मऊ करतं.