‘एज बार’ होण्याआधी : कोरोनाकाळातल्या तरुणांना मिळालेल्या सरकारी मदतीची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये अशोक स्तंभावरून गंगापूर रोडला लागलं की स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांच्या पाट्या दिसू लागतात. आत खुराड्यांसारखे कप्पे, प्रत्येकात एक दिवा, एक खुर्ची आणि चालू घडामोडींच्या अंकांची चळत. कळवण, सुरगाणा, नांदगाव, पेठ इथून आलेली पोरं तिथे चार-चार, पाच-पाच वर्षं काढतात. परीक्षेत नापास होण्याबद्दल ती मोकळेपणाने बोलतात, चेष्टाही करतात. एका शब्दाची मात्र चेष्टा होत नाही : एज बार. कमाल वयोमर्यादा ओलांडली की अभ्यास किती झालाय याला काही अर्थ उरत नाही.

कोरोनात तरुणांना सरकारने काय दिलं, याचा हिशेब बहुतेक वेळा रुपयांत मांडला जातो. अभ्यासिकेतला हिशेब महिन्यांचा असतो.

वय वाढवून देण्याची युक्ती कोरोनाच्या आधीपासूनची आहे. १९५९ च्या कायद्याने कारखान्यांना आणि कार्यालयांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला (एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला) कळवणं बंधनकारक झालं. नाव नोंदवायचं, कार्डाचं नूतनीकरण करत राहायचं आणि ‘कॉल’ची वाट बघायची, यात एका पिढीची उमेद गेली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी आणली, पुढे तिला कायद्याचं बळही दिलं. पण ते काम खडी फोडण्याचं आणि माती उपसण्याचं. शिकलेल्या पोराला तिथे जायची लाज वाटायची, आणि शिकलेल्यासाठी तशी हमी कुणी दिलीच नाही. सरकारी भरती कधी निघेल याचा भरवसा नाही, निघाली तर जागा थोड्या. मग एप्रिल २०१६ मध्ये राज्याने खुल्या प्रवर्गाची कमाल मर्यादा ३३ वरून ३८ आणि मागासवर्गीयांची ३८ वरून ४३ केली. जागा वाढवायला तिजोरी लागते, वय वाढवायला एक शासन निर्णय पुरतो. मला तरी त्या निर्णयात तेवढंच दिसतं.

पण पोलीस उपनिरीक्षक व्हायचं तर खुल्या प्रवर्गाला ३१ वर्षांची, शिपाई व्हायचं तर २८ वर्षांची मर्यादा. त्र्यंबक रोडला महाराष्ट्र पोलीस अकादमी असलेल्या शहरात पहाटे मैदानावर धावणाऱ्यांची गर्दी असणारच. वर्ष वाया गेलं की या पोरांना ते सर्वांत आधी कळतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. राज्य लोकसेवा आयोगाची (एमपीएससीची) राज्यसेवा पूर्वपरीक्षा ५ एप्रिलला होती, ती पुढे गेली. ४ मे रोजी वित्त विभागाने खर्चाला कात्री लावणारा आदेश काढला : सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण सोडून नवीन पदभरती करायची नाही. टीव्हीवर त्याची फार चर्चा झाली नाही. त्या दिवसांत सगळ्यांचं लक्ष रुग्णांच्या आकड्यांवर, आणि आपल्या जिल्ह्यात तर मालेगावच्या आकड्यांवर होतं.

त्याच आठवड्यातली दुसरी घटना नाशिकची आहे. १ मेच्या रात्री नाशिकरोडहून भोपाळला परप्रांतीय मजुरांची श्रमिक विशेष गाडी सुटली, देशातल्या पहिल्या काही गाड्यांपैकी ती एक. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत राबणारे हात पुढच्या काही आठवड्यांत घरी गेले आणि ‘आता स्थानिक तरुणांना संधी’ ही भाषा सुरू झाली. ६ जुलै २०२० ला राज्य सरकारने महाजॉब्स संकेतस्थळ उघडलं ते याच हवेत. कारखानदाराने जागा टाकायची, तरुणाने कौशल्य लिहायचं, महाराष्ट्राचा अधिवासी असणं आवश्यक. कल्पना चुकीची नव्हती. पण फिटर-टर्नरची जागा आणि बीए झालेला उमेदवार यांची गाठ संकेतस्थळ घालून देऊ शकत नाही, आणि नाशिकच्या अभ्यासिकांत बीए, बीकॉमच जास्त.

केंद्राची मदत बहुतेक मालकाच्या हातून यायची. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेत १५ हजारांपेक्षा कमी पगारावर नवा माणूस घेतला, तर हजारापर्यंत कामगार असलेल्या आस्थापनेत कामगार आणि मालक या दोघांचा मिळून २४ टक्के भविष्य निर्वाह निधी सरकार दोन वर्षं भरणार होतं. जून २०२१ मध्ये कोविड योद्ध्यांसाठी झटपट प्रशिक्षण निघालं, देशभरात एक लाख जणांसाठी. घरी जाऊन रुग्णसेवा, नमुने गोळा करणं, वैद्यकीय उपकरणं हाताळणं असे सहा प्रकार. एप्रिलमध्ये डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूची गळती होऊन माणसं गेली होती. त्यामुळे प्रशिक्षित हात का हवेत, हे नाशिककरांना समजावून सांगावं लागलं नाही.

दरम्यान राज्यसेवेच्या तारखा सरकत राहिल्या. एप्रिल, सप्टेंबर, ऑक्टोबर. दर वेळी कारण विषाणूचंच होतं असं नाही. ९ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली आणि ऑक्टोबरची तारीख त्या वादात गेली. शेवटी १४ मार्च २०२१ ठरली. तीन दिवस आधी, ११ मार्चला, तीही पुढे ढकलल्याचं जाहीर झालं आणि पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर आले. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना त्याच रात्री टीव्हीवरून आठ दिवसांत परीक्षा घेण्याचा शब्द द्यावा लागला. परीक्षा २१ मार्चला झाली. त्याआधी २४ फेब्रुवारीला यूपीएससीच्या उमेदवारांची जादा संधीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली होती. दिल्लीतून वाढीव संधी मिळणार नाही हे कळल्यावर सगळ्यांचे डोळे मंत्रालयाकडे लागले.

मंत्रालयाचा निर्णय १७ डिसेंबर २०२१ ला आला. १ मार्च २०२० पासून त्या दिवसापर्यंत ज्यांनी वयोमर्यादा ओलांडली, त्यांना विशेष बाब म्हणून एक संधी. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तेव्हा २ जानेवारीवर येऊन ठेपली होती. या उमेदवारांना अर्ज भरता यावेत म्हणून आयोगाने ती २३ जानेवारीला नेली. या निर्णयाने एकाला दिलासा मिळाला आणि दुसऱ्याची तयारी तीन आठवडे लांबली. शेजारच्या कप्प्यातल्या दोघांत त्यावरून कुरबुरी होणारच. खरा प्रश्न ‘एक’ या शब्दाचा होता. भरती जवळपास दोन वर्षं खोळंबली आणि परत मिळाली एक परीक्षा. ३ मार्च २०२३ ला राज्याने पुन्हा निर्णय काढला, आता सरसकट दोन वर्षांची शिथिलता : खुल्यांना ४०, मागासवर्गीयांना ४५. पण ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत निघणाऱ्या जाहिरातींपुरतीच. म्हणजे ज्या खात्याची जाहिरात जानेवारीत निघाली, त्याच्या उमेदवाराला हा निर्णय असून नसल्यासारखा.

सैन्यभरतीचीही हीच कथा. दोन वर्षं भरती झाली नाही. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हा कमाल वय २१ ठेवलं होतं. दोनच दिवसांत, देशभर आंदोलन पेटल्यावर, पहिल्या वर्षापुरतं ते २३ झालं. नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात पुढे अग्निवीरांचं प्रशिक्षण सुरू झालं. हा बदल झाला नसता तर २०२० पासून धावणारी बरीच पोरं त्या फाटकातून आत जाऊच शकली नसती.

आई-वडील दोघंही कोरोनात गमावलेल्या मुलांसाठी राज्याने पाच लाखांची मुदत ठेव केली. पीएम केअर्स या केंद्राच्या निधीतून १८ ते २३ या वयात दरमहा विद्यावेतन आणि २३ व्या वर्षी दहा लाख रुपये. माझ्या मते या काळातली सर्वांत नेमकी योजना हीच. तिलाही वयाची रेघ आहेच : मृत्यूच्या दिवशी मूल १८ वर्षांच्या आत हवं. त्या दिवशी एकोणीस वर्षांचा असलेला मुलगा या योजनेत बसत नाही.

२०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेला लोक ‘लाडका भाऊ’ म्हणू लागले. तिथे १८ ते ३५ या वयातल्या तरुणांना थेट विद्यावेतन ठरलं : बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीला दहा. मुदत आधी सहा महिने, नंतर अकरा. शेवटी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळतं. कायम नोकरीवर हक्क सांगता येत नाही, आणि मुदत संपत आल्यावर कायम करा म्हणून आंदोलनं झाली. ते अकरा महिने वयातून मात्र वजा होत नाहीत.