आहार आणि आतड्याचा दाह (बेळगाव सीमाभाग)

रोजच्या जेवणात कोणता घटक किती, यावर आतड्यातील जिवाणू, अस्तरावरचा श्लेष्माचा (चिकट स्रावाचा) थर आणि प्रतिकारक पेशी यांचे नाते ठरते. हे नाते बिघडले की दाह, म्हणजे आतड्याला येणारी सूज, वाढतो, सावरले की तो ओसरायला मदत होते. दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचे मुख्य विकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरात राहतो. क्रोन्स डिसीज पचनमार्गात कुठेही होतो व भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरतो. नुसत्या खाण्याने ते होत नाहीत. आनुवंशिकतेचाही वाटा असतो.

न पचलेला चोथा, म्हणजेच अन्नातील तंतू, मोठ्या आतड्यात पोचला की जिवाणू तो आंबवतात आणि ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही मेदाम्ले तयार होतात. पैकी ब्युटिरेट हे तिथल्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन. दाह आवरणाऱ्या टी-पेशींनाही (प्रतिकारक पेशींचा एक प्रकार) ते पोसते. चोथाच मिळाला नाही तर काही जिवाणू श्लेष्माच्या थरावर ताव मारतात, हे २०१६ मध्ये उंदरांवरील प्रयोगात दिसले. थर झिजला की जिवाणू थेट अस्तराला भिडतात.

या दृष्टीने सीमाभागाचे ताट पाहण्यासारखे आहे. पावसाळी खानापूर तालुक्यात भात, पूर्वेच्या कोरड्या अथणी-रायबाग पट्ट्यात जोंधळा. १०० ग्रॅम जोंधळ्यात सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, नाचण्यात ११. कांडून पांढरा केलेला तांदूळ आणि मैदा यांत ३ ग्रॅमही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम तंतू लागतात. दोन जाड भाकऱ्या, मटकीची उसळ आणि जवसाची चटणी एवढ्यावर त्यातला बराच हिस्सा निघतो. भाकरीच्या जागी पांढरा भात, न्याहारीला पाव-खारी आली, तर तो भाजी-कडधान्यांतूनच भरून काढावा लागतो. कर्नाटकात २०१३ पासून अन्नभाग्य योजनेत रेशनवर प्रामुख्याने तांदूळच मिळत आला, हेही इथे लक्षात घ्यावे.

दोष मात्र लोक मिरचीला देतात. पोटात आग पडली की संकेश्वरी मिरचीवर खापर फुटते. मिरचीतील कॅप्सायसिन वेदना जाणवणाऱ्या चेताटोकांना डिवचते, म्हणून जळजळते. पण जळजळ म्हणजे दाह नव्हे. ज्याला सोसत नाही त्याने तिखट कमी करावे, एवढेच.

स्निग्धांशाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा. २०१२ च्या एका प्रयोगात दुधाच्या संपृक्त चरबीमुळे पित्ताम्लांची (चरबी पचवायला मदत करणाऱ्या पित्तातील आम्लांची) घडण बदलली, बायलोफिला वड्सवर्थिया हा जिवाणू फोफावला आणि मुळातच दाहप्रवण असलेल्या उंदरांना कोलायटिस झाला. बेळगावचा कुंदा, ही दुधाची मिठाई, यावरून दोषी ठरत नाही. सणाचा कुंदा आणि रोजचे आहारमान या वेगळ्या गोष्टी आहेत. जास्त काळजी पाकीटबंद पदार्थांची. २१ देशांतील मोठ्या पाहणीत, ज्यात भारतही होता, अतिप्रक्रियायुक्त अन्न जास्त खाणाऱ्यांत दाहक आतडीविकार अधिक आढळले (२०२१). हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोज व पॉलिसॉर्बेट-८० या पायसकारकांनी (तेल व पाणी एकजीव ठेवणाऱ्या पदार्थांनी) उंदरांत श्लेष्मथर बिघडवला, हा त्यातला एक धागा.

आंबवलेल्या अन्नाबाबत २०२१ मध्ये अमेरिकेत निरोगी प्रौढांवर झालेल्या छोट्या चाचणीत जिवाणूंचे वैविध्य वाढले व रक्तातील काही दाहसूचक प्रथिने घटली. इकडची आंबील त्याच जातीची, पण एक बारकावा आहे. नाचण्याचे पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी शिजवले की आंबवणारे जिवाणू उकळीत मरतात. आंबटपणा तेवढा उरतो. गार झाल्यावर वरून घातलेले ताक, लसूण-जिरे लावून, हाच तिच्यातला जिवंत भाग.

आजार उसळलेला असताना, म्हणजे रक्तमिश्रित जुलाब किंवा आतडे अरुंद झालेले असताना, हे गणित उलटते. तेव्हा साल, बिया, भरड चोथा काही दिवस कमी करून मऊ भात, ताक, शिजवून गाळलेली डाळ देतात. मुलांच्या क्रोन्स विकारात सहा ते आठ आठवडे केवळ द्रवरूप पोषण देऊन दाह आटोक्यात आणता येतो. भारतात आणखी एक पेच आहे: आतड्याचा क्षयरोग क्रोन्ससारखाच दिसतो, दोन्हींचा आवडता ठिकाणा लहान आतड्याचा शेवट. वजन घटणे, रात्रीचा ताप, सततचे जुलाब असतील तर पथ्याआधी दुर्बिणीची तपासणी व ऊतकाचा तुकडा काढून खात्री केली जाते, कारण क्रोन्सची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे क्षयरोग्याला दिल्यास रोग भडकतो.